कंपनी मेली तरी देणे मरत नाही

वाळूज परिसरातल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते. २०१५ सालच्या पावसाळ्यात, रात्रपाळीला, दोन माणसे एका तरुणाला रिक्षातून घेऊन आली. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. फडके सोडले तेव्हा चार बोटे गेलेली होती, अंगठा तेवढा शिल्लक होता. जखमेच्या कडा सरळ चिरडलेल्या होत्या आणि हाताला मशीनचे तेल लागलेले होते. पॉवर प्रेसची जखम मी त्याआधी कितीतरी वेळा पाहिलेली होती.

कसे झाले म्हणून मी विचारले. तो तरुण काही बोलायच्या आत बरोबरचा सुपरवायझर म्हणाला, "घरी लोखंडी गेटात हात सापडला." तरुणाने मान खाली घातली. डॉक्टर ऑपरेशनच्या तयारीत होते. मी केसपेपरवर लिहिले, 'घरी गेटमध्ये हात सापडून इजा.' खाली सही केली आणि पुढच्या कामाला लागले.

त्या एका ओळीची किंमत मला सहा वर्षांनी कळली. ती चूक, आणि नाव पुसल्या गेलेल्या एका कंपनीला पुन्हा नोंदणीवर आणण्याची धडपड, या दोन्हींबद्दल आज लिहिते आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, रेल्वे स्टेशनचा परिसर, कुठेही राहा, आपल्या वस्तीत असे एकतरी घर आहेच. त्या घराला या माहितीचा उपयोग व्हावा.

पत्ता सापडत नाही

२०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, तो दादा मला भेटायला आला. तोवर मी नोकरी सोडून कामगारांच्या आरोग्याचे काम वस्तीवस्तीत करू लागले होते. त्याच्याबरोबर त्याची बायको होती. वहिनींच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते. त्यातला डिस्चार्ज कार्डाचा कागद काढून त्यांनी विचारले, "सिस्टर, ही सही तुमचीच ना?"

माझीच होती.

अपघातानंतर कंपनीने दवाखान्याचे बिल भरले, दोन महिने अर्धा पगार दिला, कोऱ्या कागदावर सही घेतली आणि त्याला गेटवर बसवले. नोकरी आहे, मालक सांभाळतोय, मग तक्रार कशाला, असे त्यालाही वाटले. ईएसआयची कपात कधी झालीच नव्हती. २०१७ मध्ये कारखाना बंद झाला. प्रेस मशीन भंगारात गेल्या आणि शेडवर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली. मग २०१८ मध्ये कोणीतरी सांगितल्यावर त्याने भरपाईचा दावा टाकला. नोटीस निघाली आणि परत आली. 'कंपनी बंद, पत्ता सोडला.' पुन्हा निघाली, पुन्हा परत आली. तीन वर्षे दावा तारखांवर तारखा घेत पडून होता.

आम्ही मोबाइलवर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकले. समोर स्थिती आली, 'स्ट्राइक ऑफ'. म्हणजे कंपनीचे नाव सरकारी नोंदवहीतूनच काढलेले. दादा म्हणाला, "म्हणजे ज्याच्यावर दावा केला तो माणूसच मेलेला." मलाही त्या दिवशी तसेच वाटले होते. ते खरे नव्हते.

नाव काढणे म्हणजे काय

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ही कायद्याच्या नजरेत एक स्वतंत्र व्यक्ती असते. जन्माचा दाखला म्हणजे कंपनी निबंधकाने दिलेले नोंदणी प्रमाणपत्र. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खाली हे नाव दोन रीतींनी निघते. लागोपाठ दोन आर्थिक वर्षे धंदा नाही असे दिसले तर निबंधक स्वतःहून नाव काढतो. किंवा कंपनीच अर्ज करते की आमची देणी फेडली आहेत, नाव काढा. २०१७ मध्ये सरकारने मोहीम काढली तेव्हा देशभरात दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावे अशी निघाली. त्यात नुसत्या कागदावरच्या कंपन्या होत्या, तशाच शेड, मशीन आणि माणसे असलेल्या, पण हिशेब न भरलेल्या कंपन्याही होत्या.

नाव काढण्याआधी जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. आपल्यातला कोण राजपत्र वाचतो? पण ज्याचा दावा चालू आहे त्याने कंपनीची स्थिती दर दोन-तीन महिन्यांनी संकेतस्थळावर पाहावी. नोटीस निघालेली दिसली तर निबंधकाला साधे पत्र लिहावे की या कंपनीवर माझा भरपाईचा दावा अमुक न्यायालयात चालू आहे, तेव्हा नाव काढू नये. दाव्याची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. हे एक पत्र पुढची चार वर्षे वाचवू शकते.

आता मुख्य गोष्ट. नाव निघाले म्हणून देणे संपत नाही. कायद्यातच तसे लिहिले आहे. कलम २४८ म्हणते की नाव काढल्यानंतरही संचालक, व्यवस्थापक, अधिकारी आणि सभासद यांची जी काही जबाबदारी होती ती तशीच राहते, जणू कंपनी विसर्जित झालीच नाही. कंपनीची मालमत्ता देणी फेडण्यासाठी उपलब्ध राहते. कलम २५० म्हणते की नोंदणी प्रमाणपत्र रद्द झाले असे समजले जाते, पण येणे वसूल करणे आणि देणी फेडणे एवढ्यापुरते ते जिवंत राहते. कंपनीने स्वतः अर्ज करून नाव काढले असेल तर संचालकांनी हमीपत्र आणि प्रतिज्ञापत्र दिलेले असते. थोडे शुल्क भरून ते कागद संकेतस्थळावर पाहता येतात. 'आमच्यावर काही देणे नाही' असे तिथे लिहिलेले असेल आणि त्याच वेळी तुमचा दावा चालू असेल, तर तो कागद तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

कायद्यात 'कामगार' हा शब्द आहे

मग कंपनीला पुन्हा नोंदणीवर आणायची गरजच काय? कधी नसतेही. संचालक हयात आहेत, सापडतात, न्यायालय त्यांना दाव्यात घेते, तर काम तिथेच भागते. पण काही वेळा गाडी अडते. कंपनीच्या नावावर पैसे किंवा जागा अडकलेली असते. किंवा, आमच्या दादाच्या बाबतीत झाले तसे, विमा कंपनी म्हणते की आमचा ग्राहकच अस्तित्वात नाही.

ही विम्याची गाठ समजून घ्या. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ च्या कलम १४ प्रमाणे मालक दिवाळखोर झाला किंवा कंपनीचे अवसायन सुरू झाले तर कंपनीचा विम्यावरचा हक्क कामगाराकडे येतो. पण 'नोंदणीतून नाव काढले' हे शब्द त्या कलमात नाहीत. त्या फटीत दावा अडकतो. अशा वेळी कंपनीला पुन्हा उभे करावे लागते.

त्याची वाट कलम २५२ मध्ये आहे. नाव काढल्याची सूचना राजपत्रात आल्यापासून २० वर्षांच्या आत कंपनी, तिचा सभासद, तिचा धनको किंवा तिचा कामगार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे, अर्ज करू शकतो. नाव काढले तेव्हा कंपनीचे काम चालू होते, किंवा अन्य कारणाने नाव परत लावणे न्याय्य आहे, असे न्यायाधिकरणाला पटले तर ते नाव परत लावण्याचा आदेश देते. नाव निघालेच नव्हते अशा स्थितीत सगळ्यांना जमेल तेवढे परत आणण्याचे निर्देशही देता येतात. १९५६ च्या जुन्या कंपनी कायद्यात ही मुभा कंपनी, सभासद आणि धनको यांनाच होती. 'कामगार' हा शब्द २०१३ च्या कायद्यात आला. आपल्या कामाचा शब्द आहे, लक्षात ठेवा. कामगार वारला असेल तर कुटुंबाने भरपाईचे येणे असलेला धनको म्हणूनही अर्ज मांडावा, म्हणजे 'तुम्ही कामगार नाही' ही हरकत निघणार नाही.

आपल्या भागासाठी हे न्यायाधिकरण मुंबईत आहे. अर्जात कंपनी निबंधकाला पक्षकार करावे लागते आणि संचालकांनाही करावे. अर्जासोबत भरपाईच्या दाव्याची प्रत, परत आलेल्या नोटिसा, पगाराचा पुरावा आणि वैद्यकीय कागद जोडावे लागतात. आणखी एक मागणी अर्जातच लिहावी. थकलेले वार्षिक हिशेब भरण्याचा खर्च संचालकांवर टाकावा, कामगारावर नाही. आदेश मिळाला की त्याची प्रत ३० दिवसांत निबंधकाकडे दाखल झाली पाहिजे. हे राहून गेले तर हातात आदेश असूनही संकेतस्थळावर 'स्ट्राइक ऑफ'च दिसत राहते.

वकिलाच्या फीची भीती वाटते ना? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे. आमच्या दादाचा अर्ज याच वाटेने गेला. दीड वर्षाने कंपनीचे नाव पुन्हा नोंदवहीवर आले.

मुंबईला जाण्याआधी हे पाच प्रश्न

प्रत्येकाने एनसीएलटीचा रस्ता धरायचा नाही. आधी घरी बसून पुढचे पाच प्रश्न सोडवा.

पहिला, ईएसआय कापला जात होता का? पगाराच्या पावतीवर बघा. ज्याचा विमा होता त्याला अपघाताचा लाभ राज्य कामगार विमा महामंडळ देते. कंपनी जिवंत आहे की मेली याच्याशी संबंध नाही. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते, कायमच्या अपंगत्वात अपंगत्वाच्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात, आणि कामगार दगावला तर आश्रितांना पेन्शन मिळते. मालकाने कपात केली पण भरणा केला नाही, तरी महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकते. ज्याला ईएसआय लागू आहे त्याला त्याच अपघातासाठी १९२३ च्या कायद्याचा दावा करता येत नाही, म्हणून हा प्रश्न पहिला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगार आरोग्य विम्याच्या योजनेचे काम सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. मालक बुडाला तरी कामगार बुडू नये, हीच त्या योजनेची ताकद आहे. म्हणून 'ईएसआय नको, हातात जास्त पैसे दे' असे ठेकेदाराला म्हणणाऱ्या आपल्या पोरांना थांबवा.

दुसरा, ती खरोखर कंपनी होती का? पाटीवर 'इंडस्ट्रीज' किंवा 'एंटरप्रायजेस' लिहिले म्हणून कंपनी होत नाही. नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' किंवा 'लिमिटेड' नसेल तर बहुधा एकट्या मालकाचा किंवा भागीदारीचा धंदा असतो. तिथे नोंदणीतून नाव काढण्याचा प्रश्नच येत नाही. मालक किंवा भागीदार स्वतः जबाबदार असतो. खरे नाव शोधायचे तर बँक पासबुकात पगार कोणाच्या खात्यातून आला ते पाहा. पीएफच्या पासबुकावर आस्थापनेचे नाव असते, गेटपासवरही असते.

तिसरा, स्थिती नेमकी काय आहे? 'स्ट्राइक ऑफ' वेगळे, दिवाळखोरीची कारवाई वेगळी. दिवाळखोरी चालू असेल तर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत कामगार म्हणून दावा नोंदवावा लागतो. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल तर देणे बहुधा त्या दुसऱ्या कंपनीकडे जाते.

चौथा, मुख्य मालक कोण? तुम्ही ठेकेदाराच्या कंपनीचे, पण काम मोठ्या कारखान्याच्या आवारात, त्याच्याच धंद्याचे करत होता का? तसे असेल तर कलम १२ प्रमाणे भरपाई त्या मुख्य मालकाकडून मागता येते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करील. ठेकेदाराची कंपनी पुसली गेली तरी इथे वाट मोकळी आहे.

पाचवा, जागा कोणाला गेली? अपघातानंतर मालकाने मालमत्ता दुसऱ्याला दिली असेल तर कलम १४-अ प्रमाणे त्यातल्या स्थावर मालमत्तेवर भरपाईचा पहिला बोजा असतो. म्हणजे शेडवर नवी पाटी लागली म्हणून हक्क संपला असे समजू नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. भरपाई आणि ईएसआय हे दोन्ही विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले. वर दिलेली कलमे जुन्या कायद्याची आहेत आणि आज पडून असलेले बहुतेक दावे त्याच कायद्याखालचे आहेत. नव्या अपघाताचा दावा असेल तर वकिलाकडून संहितेतली कलमे लिहून घ्या.

रक्कम किती असते

'दहा-वीस हजारांसाठी कोण कोर्टात जाणार?' असे अनेक जण म्हणतात. म्हणून हिशेब मांडते. चार बोटे गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईच्या ताकदीचे नुकसान ५० टक्के धरले आहे. दादाचे वय तेव्हा ३० वर्षे होते. त्या वयाचा गुणक २०७.९८ आहे. २०१५ मध्ये हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा ८,००० रुपये होती. तिचे ६० टक्के म्हणजे ४,८००. गुणिले २०७.९८, आणि त्याचे निम्मे. होतात ४,९९,१५२ रुपये. त्यावर १२ टक्के सरळ व्याज. आठ-साडेआठ वर्षांत व्याजच मुद्दलाएवढे होते. योग्य कारण नसताना मालकाने पैसे थकवले तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. ३ जानेवारी २०२० पासून पगाराची मर्यादा १५,००० झाली. त्या हिशेबाने हीच इजा, हेच वय असेल तर रक्कम ९,३५,९१० रुपये होते.

दादाला कंपनीने दिले होते दवाखान्याचे बिल, दोन महिन्यांचा अर्धा पगार आणि गेटवरची खुर्ची.

तीन मुदती

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. २, ३ आणि २०.

१९२३ च्या कायद्यात भरपाईचा दावा अपघातापासून २ वर्षांत करायचा असतो. पुरेसे कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी झगडावे लागते. दवाखान्याला दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावे लागतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत तसे आहे, आणि मागितल्यावर ७२ तासांत प्रत देणेही त्यातच आहे. आणि कंपनीला पुन्हा नोंदणीवर आणायला २० वर्षे मिळतात.

म्हणजे कंपनीचा कागद २० वर्षांनीही जिवंत करता येतो. तुमच्या जखमेचा कागद मात्र तीन वर्षांनी रद्दीत जाऊ शकतो. आपण मात्र सगळी काळजी पहिल्याची करतो आणि दुसऱ्याकडे बघतही नाही.

आणि जे आजार उशिरा दिसतात त्यांचे काय? फाउंड्री, सँडब्लास्टिंग, दगडाचे क्रशर इथल्या धुळीने सिलिकोसिस होतो. तो कळायला वर्षे लागतात. खोकला, दम आणि वजन कमी होणे, म्हणून टीबी समजून औषधे चालू राहतात. ॲस्बेस्टॉसचा आजार तर काम सोडल्यावर वीस, तीस वर्षांनी डोके वर काढतो. तोवर कंपनी बंद होऊन जमाना झालेला असतो. २००५ मध्ये डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या १८१ कामगारांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाचातल्या एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. भरपाई फार थोड्यांना का मिळते, त्याचे एक कारण त्यांनी मांडले ते असे की आजाराला ब्राँकायटिस किंवा टीबी असे नाव दिले जाते.

याच आजारांमुळे इंग्लंडच्या २००६ च्या कंपनी कायद्यात एक खास तरतूद आहे. शारीरिक इजेच्या भरपाईसाठी बंद कंपनीला नोंदणीवर आणायचे असेल तर कोणतीही मुदत नाही, कधीही अर्ज करा. ऑस्ट्रेलियात कंपनी नोंदणीवर नसली तरी तिच्या विमा कंपनीकडून थेट भरपाई मागता येते. इंग्लंडमध्येही २०१६ पासून विमा कंपनीवर दावा करण्यासाठी मेलेल्या कंपनीला उठवण्याची गरज राहिलेली नाही. आपल्याकडे या दोन तरतुदी व्हायला हव्यात, ही मागणी कामगार संघटनांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितले आहे की कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. त्याच निकालात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे, किंवा काम सोडल्यावर १५ वर्षे, ठेवण्याचे निर्देश होते. नोंदीचे मोल न्यायालयाने ओळखले होते. आपण ओळखायचे राहिलो.

दवाखान्यात पहिल्या दिवशी

म्हणून घरातल्या बायाबापड्यांनाही सांगून ठेवा. अपघात झाला की पुढच्या गोष्टी कराच.

डॉक्टरांना आणि सिस्टरला स्वतः सांगा, "कामावर, मशीनवर लागले." तारीख, वेळ, कंपनीचे नाव, कोणत्या मशीनवर, हे केसपेपरवर लिहायला लावा आणि लिहिलेले वाचून दाखवायला सांगा. कंपनीचा माणूस काय सांगतो त्याकडे लक्ष देऊ नका. रुग्ण शुद्धीवर नसेल तर सोबतच्या नातेवाइकाने हे करावे.

कामावरच्या अपघाताची एमएलसी नोंद व्हावी, पोलिसांना कळवले जावे. घाटी रुग्णालयात गेलात किंवा कुठेही गेलात तरी एमएलसीचा क्रमांक लिहून घ्या.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिले घ्याच. महिनाभरात पूर्ण केसपेपरची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. मोबाइलवर फोटो काढा आणि दोन नातेवाइकांना पाठवून ठेवा.

कारखान्याने अपघात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचा असतो. कळवला का, ते माहितीच्या अधिकारात विचारा. कळवला नसेल तर तुम्ही स्वतः लेखी कळवा.

कोऱ्या कागदावर सही करू नका, अंगठा देऊ नका. मालकाला टपालाने लेखी कळवा आणि पोचपावती जपा. हातावर पैसे ठेवून तोंडी तडजोड झाली तर ती कायद्यासमोर टिकत नाही, हेही लक्षात असू द्या.

दावा पहिल्या वर्षातच टाका. मालक चांगला आहे, नोकरीवर ठेवले आहे, म्हणून थांबू नका. चांगल्या मालकाची कंपनीही बंद पडते.

धुळीचे काम केलेल्या माणसाला दमा लागला तर डॉक्टरांना कामाचा इतिहास सांगा, कोणत्या साली, कुठे, किती वर्षे. कंपनीचे ओळखपत्र तीस वर्षे जुने असले तरी फेकू नका.

आणि माझ्या नर्स भगिनींना, ब्रदर मंडळींना विनंती आहे. आपल्याला कोणी वकिली करायला सांगत नाही. फक्त रुग्णाला विचारा, सोबतच्याला नाही. विचारताना कंपनीच्या माणसाला बाहेर थांबायला सांगा. जखम एक सांगते आणि माणूस दुसरे सांगतो असे दिसले तर तेही लिहा. सोबतच्याने सांगितलेली हकीकत असेल तर 'सोबतच्या व्यक्तीच्या सांगण्यावरून' हे तीन शब्द घाला. २०१५ च्या त्या रात्री हे शब्द लिहायला मला दहा सेकंद लागले असते.

साक्ष

कंपनी नोंदणीवर आली, दावा पुन्हा सुरू झाला. संचालक हजर झाले. विमा कंपनीही आली. आणि विमा कंपनीच्या वकिलांनी पहिला कागद पुढे केला तो माझ्या अक्षरातला. 'घरी गेटमध्ये हात सापडून इजा.' ते म्हणाले, हा कामावरचा अपघातच नाही.

मी साक्ष दिली. अक्षर माझे आहे. ही हकीकत रुग्णाने नाही, कंपनीच्या सुपरवायझरने सांगितली होती. हाताला मशीनचे तेल होते, जखम प्रेसखाली चिरडल्याची होती. त्यांनी विचारले, मग तेव्हा तसे का लिहिले नाही? मी सांगितले, चूक झाली. यापेक्षा वेगळे उत्तर माझ्याकडे नव्हते. कोर्टाबाहेर वहिनींनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. दादा म्हणाला, "सिस्टर, मीपण तवा गप्पच बसलो होतो की."

निकाल अजून लागायचा आहे. सोबत काम केलेल्या दोघांच्या साक्षी व्हायच्या आहेत. त्यातला एक गावाकडे परतला आहे, त्याला शोधून आणायचे चालले आहे.

कंपनीला परत उभे करायला कायद्यात वाट होती, ती आम्हाला सापडली. केसपेपरवरची ओळ बदलायला मात्र कोणत्याच कायद्यात वाट नाही. म्हणून हे पान वाचून झाले की घरातला जो कोणी कंपनीत जातो त्याला विचारा, तुझ्या कंपनीचे पूर्ण नाव काय, ईएसआय कापतात का, आणि उद्या काही झालेच तर दवाखान्यात काय सांगशील? तिन्ही उत्तरे वहीत लिहून ठेवा.